जखम दिसते, पण दुखत नाही: बाबा आमटेंना पळवून लावणाऱ्या आजाराची गोष्ट

पावसाळी संध्याकाळ होती. ठिकाण वरोरा, तेव्हाच्या चांदा आणि आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं छोटं शहर. डोक्यावर मैल्याची टोपली घेऊन एक तरुण वकील निघाला होता. रस्त्याच्या कडेला गटाराजवळ त्याला काहीतरी पडलेलं दिसलं. आधी वाटलं, चिंध्यांचं गाठोडं असेल. जवळ गेल्यावर कळलं, तो माणूस आहे. बोटं झडलेली, अंगभर जखमा आणि जखमांमध्ये अळ्या.

वकील घाबरला आणि तिथून पळाला.

त्या वकिलाचं नाव मुरलीधर देवीदास आमटे. पुढे जग त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखू लागलं. गटाराजवळ पडलेल्या माणसाचं नाव तुळशीराम. त्याला कुष्ठरोग होता.

बाबा आमटेंचं नाव आणि आनंदवन आपल्याला माहीत असतं. पण ज्या आजारासाठी त्यांनी आयुष्य दिलं, तो शरीराचं नक्की काय करतो हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. बोटं खरंच गळून पडतात का? जखमांमध्ये अळ्या पडेपर्यंत माणूस गप्प कसा राहतो? याची उत्तरं आपल्या प्रत्येकाच्या शरीरात रोज चालणाऱ्या एका प्रक्रियेत आहेत. डॉक्टर तिला इन्फ्लमेशन म्हणतात, मराठीत दाह. ती समजली की बाबांच्या कामाचा अर्थही जास्त नीट लागतो.

शिकारी, गाडीवाला, सिनेमावेडा

बाबांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटला, सधन जमीनदार घरात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. बाबा हे घरातलं लाडाचं नाव. म्हणजे हा बाबा साधू-संतांचा नव्हता, घरच्यांनी लहानपणीच ठेवलेला होता.

तरुणपणी त्यांच्याकडे बंदूक होती आणि स्पोर्ट्स कार होती. तिच्या सीटवर बिबट्याचं कातडं होतं. शिकारीचा नाद होता. हॉलिवूडच्या सिनेमांवर ते इंग्रजी मासिकात परीक्षणं लिहायचे. ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर या नट्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. नागपूरला शिकून ते वकील झाले आणि वकिली चांगली चालली.

मग 1942 आलं. चले जाव आंदोलनात पकडलेल्यांचे खटले लढवण्यासाठी त्यांनी वकिलांना एकत्र केलं. सेवाग्राम जवळच असल्याने गांधीजींचा सहवास मिळाला. एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना अभयसाधक हे नाव दिलं. म्हणजे कशालाही न भिणारा.

डिसेंबर 1946 मध्ये त्यांचं इंदू घुले यांच्याशी लग्न झालं. याच पुढे साधनाताई. वरोऱ्यात बाबा नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सफाई कामगारांनी आपल्या मागण्या मांडल्या, तेव्हा त्यांचं काम किती जड आहे हे कळावं म्हणून बाबांनी स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली.

अशा माणसाला तुळशीराम दिसला आणि अभयसाधक पळाला. ही गोष्ट त्यांना सतत टोचत राहिली. गोऱ्या सैनिकांना न भ्यालेला माणूस एका असहाय आजाऱ्याला घाबरला होता. ते परत गेले. तुळशीरामला पावसापासून आडोसा केला, जखमा धुतल्या, खाऊ घातलं. थोड्याच काळात तुळशीराम गेला, पण बाबांची भीती संपवण्याचं काम तिथूनच सुरू झालं.

पायात काटा मोडला की आत काय होतं?

आता तुळशीरामच्या जखमांकडे वळू. त्याआधी एक साधी जखम बघू.

रानात चालताना तुमच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काट्याबरोबर मातीतले जंतूही आत गेले. तिथे मॅक्रोफेज आणि मास्ट सेल नावाच्या पेशी आधीपासून पहाऱ्यावर असतात. गडबड झाल्याचं ओळखून त्या रसायनं सोडतात. त्यातलं सगळ्यात ओळखीचं म्हणजे हिस्टामीन. अ‍ॅलर्जीची गोळी ज्याला अडवते, तेच हे.

या रसायनांमुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात. रक्त जास्त येतं, म्हणून जागा लाल होते आणि गरम लागते. वाहिन्यांच्या भिंती सैल पडून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज येते. त्याच वाटेने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी काही तासांत पोहोचतात आणि जंतूंना गिळायला लागतात. लढून मेलेल्या या पेशी म्हणजेच पू. पुढच्या एक-दोन दिवसांत आणखी मॅक्रोफेज येतात, कचरा साफ करतात आणि दुरुस्ती सुरू होते.

यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्याला नकोशी वाटते. ती म्हणजे वेदना. प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं मज्जातंतूंची टोकं हळवी करतात. मग साधा स्पर्शही ठणकतो. आपण लंगडतो, पाय टेकवत नाही, कुणाला तरी काटा काढायला सांगतो. त्यामुळे जखमेला विश्रांती मिळते आणि पेशींना काम करायला वेळ मिळतो.

लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीच नोंदवली होती. पाचवं लक्षण नंतर जोडलं गेलं: त्या अवयवाचं काम थांबणं. आपल्याला तो त्रास वाटतो, पण तो इलाजाचाच भाग आहे.

मग कुष्ठरोगात काय बिघडतं?

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला. हा जंतू फार संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण 2 आठवडे लागतात. बरेच नेहमीचे जंतू तासाभरात कितीतरी पट वाढतात. त्याला शरीरातल्या थंड जागा आवडतात: नाक, कान, हात-पायांची त्वचा. आणि तो घर करतो ते मज्जातंतूंभोवतीच्या पेशींमध्ये.

म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारी तारच तो निकामी करतो.

आता तोच काटा कुष्ठरुग्णाच्या पायात मोडला असं समजा. जंतू आत जातात, पेशी येतात, पाय सुजतो, पू होतो. पण दुखत नाही. माणूस त्याच पायावर चालत शेतात जातो, दिवसभर काम करतो, संध्याकाळी परत येतो. प्रत्येक पावलाला जखम खोल जाते. जंतू हाडापर्यंत पोहोचतो. बिडी ओढताना ती बोटांपर्यंत जळत येते, पण चटका कळत नाही. चुलीवरचं गरम भांडं हातात धरलं जातं आणि फोड आल्यावरच ध्यानात येतं.

म्हणजे बोटं सडून गळत नाहीत. न दुखणाऱ्या जखमा, त्यातला संसर्ग आणि हाडांची झीज यामुळे ती हळूहळू आखूड होत जातात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णांचे हात-पाय बारकाईने तपासून हे ठामपणे मांडलं. त्याआधी बहुतेकांना वाटायचं की हा आजार मांसच खातो.

मज्जातंतू फक्त वेदना पोहोचवत नाहीत, दाह पसरवायलाही मदत करतात. त्यावरच कुष्ठरोग ओळखण्याची एक जुनी चाचणी आहे. त्वचेवर हिस्टामीनचा थेंब ठेवून सुई टोचायची. निरोगी त्वचेवर टोचलेल्या जागेभोवती लाली पसरते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर ती पसरत नाही, कारण लाली पसरवणारी तार तुटलेली असते.

तुळशीरामच्या जखमा तशा अवस्थेला कशा पोहोचल्या असतील, हे आता समजतं. शिवाय त्याच्या जखमा बघणारं, धुणारं कुणी नव्हतं.

स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले

आधी बाबा वर्ध्याजवळच्या दत्तपूर कुष्ठधामात काम शिकले. वरोऱ्याच्या आसपासच्या गावांतल्या रुग्णांवर उपचार सुरू केले. पण नीट शिक्षण हवं होतं. 1949 मध्ये ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करायला गेले.

तिथे संशोधकांपुढे मोठी अडचण होती. हा जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता आणि प्राण्यांमध्येही वाढत नव्हता. जंतू वाढवता आला नाही, तर औषधं तपासायची कशी? बाबांनी स्वतःचं शरीर पुढे केलं. कुष्ठरोगाचे जंतू त्यांना टोचण्यात आले. घरी साधनाताई आणि लहान मुलं होती.

काहीच झालं नाही. जंतू रुजले नाहीत.

त्या वेळी प्रयोग फसला असं म्हटलं गेलं. आज त्याचं कारण सांगता येतं. जवळपास 95 टक्के माणसांच्या शरीरात या जंतूला रोखण्याची ताकद असते. त्यांच्या मॅक्रोफेज पेशी टी-पेशींच्या मदतीने जंतूला संपवतात. ज्या आजाराला घाबरून बाबा पळाले होते आणि ज्याच्यासाठी लोक आई-बापांना घराबाहेर काढत होते, तो बहुतेकांना होतच नाही.

पुढे 1960 मध्ये हा जंतू उंदराच्या तळपायात वाढवता आला. मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आर्माडिलो या प्राण्यात. कृत्रिम माध्यमात तो आजही वाढत नाही.

14 रुपये, 6 रुग्ण, एक लंगडी गाय

1949 मध्येच बाबांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली होती. 1951 मध्ये वरोऱ्याजवळ सरकारकडून मिळालेल्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभं राहायला सुरुवात झाली. उद्घाटन विनोबा भावेंनी केलं. जवळ होतं काय? 6 कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये. सोबत साधनाताई आणि विकास व प्रकाश ही दोन लहानगी. आजूबाजूला झुडपी जंगल, साप, विंचू आणि वाघही.

सगळ्यात आधी विहीर खणायची होती. खणणारे हात कसे होते? बधिर, बोटं आखडलेले. अशा हातांना कुदळीचा फोड आला तरी कळत नाही.

मग त्यांना काम द्यावं की देऊ नये? बाबांचं उत्तर होतं, द्यावं. दान माणसाला आणखी लाचार करतं आणि काम त्याला उभं करतं, ही त्यांची धारणा होती. पण बधिर हातांनी काम करायचं तर वेदनेचं काम दुसऱ्या कशाने तरी भरून काढावं लागतं. कुष्ठरोगाच्या उपचारात म्हणूनच डोळ्यांना फार महत्त्व आहे. रोज संध्याकाळी हात-पाय पाण्यात भिजवून नीट बघायचे. कुठे लाल झालंय का, कुठे गरम लागतंय का, सूज आहे का. दाहाच्या चार लक्षणांपैकी वेदना गेली, पण तीन शिल्लक आहेत. ती डोळ्यांनी दिसतात आणि दुसऱ्याच्या हाताला जाणवतात. जखम दिसली की मलमपट्टी आणि त्या अवयवाला विश्रांती.

या कामाला दुसरा माणूस लागतो. जखमेला हात लावायला न घाबरणारा. आनंदवनात तो होता.

जमीन पिकू लागली. भाजी, धान्य, दूध यायला लागलं. पण कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी घ्यायला लोक कचरायचे. 1954 च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण दवाखाना बांधायला आले. ते आनंदवनातच राहिले आणि तिथलंच जेवले. हे बघून आसपासच्या लोकांची भीतीही हळूहळू कमी झाली.

जंतू मेले, पण आग विझली नाही

1940 च्या दशकात सल्फोन औषधं आली. त्यातली डॅप्सोन स्वस्त होती. रुग्ण बरे होऊ लागले, पण गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागायच्या. पुढे जंतू या औषधालाही दाद देईनासे झाले. मग 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन अशी औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. हीच एमडीटी. आजाराच्या प्रकारानुसार 6 महिने किंवा 1 वर्ष घ्यायची.

इथे कुष्ठरोगाची दुसरी बाजू येते. हा जंतू स्वतः विष सोडत नाही. मज्जातंतूंची बरीच हानी शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे होते. ज्यांची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते, त्यांच्या शरीरात जंतू थोडेच उरतात. पण त्या लढाईत मज्जातंतू भाजून निघतो. ज्यांचं शरीर जंतूला ओळखतच नाही, त्यांच्यात जंतू भरमसाट वाढतात.

काहींना उपचार सुरू असताना, कधी उपचार संपल्यावरही, अचानक त्रास होतो. चट्टे लाल होऊन सुजतात, ताप येतो, गाठी येतात, डोळा लाल होतो. याला लेप्रा रिअ‍ॅक्शन म्हणतात. कोपराला धक्का लागला की हाताला झिणझिण्या येतात ना? त्या जागेच्या मज्जातंतूला सूज आली आणि वेळीच स्टिरॉइड मिळालं नाही, तर बोटं कायमची आखडू शकतात. अशा वेळी औषधाने नुकसान केलं असं वाटून रुग्ण गोळ्या सोडतात. ती मोठी चूक ठरते.

म्हणून जंतू मेला की रुग्ण बरा झाला, एवढं साधं हे गणित नाही. तुटलेली तार बहुतेकदा परत जोडली जात नाही. बरा झालेला माणूसही बधिर हात-पाय घेऊनच जगतो. आणि घरचे त्याला परत घेत नाहीत. आनंदवन नुसता दवाखाना न राहता गाव झालं, शेती, शाळा, कारखाने यांच्यासह वाढलं, त्याचं कारण हेच. 1967 मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्पही सुरू झाला.

हेमलकसा आणि शेवटची वर्षं

23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडच्या जंगलात, हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो 1982 मध्ये झाला. माडिया आदिवासींचा हा भाग. बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी यांनी तिथे दवाखाना चालवला. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की बाहेरच्या जगाशी संपर्क तुटायचा. तिथे प्रश्न बधिर जखमेचा नव्हता, उशिरा पोहोचणाऱ्या जखमेचा होता. भाजलेले, अस्वलाने फाडलेले रुग्ण मैलोन् मैल दूरवरून यायचे. दुखणं होतं, पण ते सांगायला डॉक्टरच जवळ नव्हता.

याच काळात बाबांच्या स्वतःच्या शरीरात वेदनेने मुक्काम ठोकला. मणक्याच्या आजाराने त्यांना बसता येईना. एकतर उभं राहायचं किंवा आडवं पडायचं. आयुष्यभर ज्यांच्यासोबत काम केलं त्यांना वेदनाच कळत नव्हती आणि त्यांना स्वतःला तिच्यापासून सुटका नव्हती. तरी 1985 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेवर निघाले, बसमध्ये आडवे पडून. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1990 मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले आणि धरणग्रस्तांच्या लढ्यात उतरले.

2007 मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं. या आजारात पांढऱ्या पेशींचं उत्पादनच बिघडतं. ज्या पेशींनी कधीकाळी कोलकात्यात टोचलेले जंतू हाणून पाडले होते, त्याच आता ताब्यात राहिल्या नाहीत. 9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन न करता आनंदवनाच्या मातीतच दफन करण्यात आलं. साधनाताई 9 जुलै 2011 रोजी गेल्या.

आज याचं काय?

2005 च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण 10 हजारांमागे 1 पेक्षा खाली आलं. पण आजार संपलेला नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीत आजही नवे रुग्ण सापडतात. लग्नाच्या जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची कायद्यातली तरतूद तर 2019 मध्ये रद्द झाली.

त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही आणि तिथे स्पर्श कळत नाही? मग दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. दुखत नाही, हेच दाखवायला जाण्याचं कारण आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. एमडीटी सुरू झाली की थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. आणि तार तुटायच्या आत उपचार मिळाले, तर बोटं शाबूत राहतात.

तुळशीरामला हे औषध मिळालं नाही, ते तेव्हा नव्हतंच. त्याला शेवटी मिळाला एक माणूस, जो आधी पळाला आणि मग परत आला. आज औषध आहे. बधिर चट्टा लपवणाऱ्याला दवाखान्यात घेऊन जाणारं माणूस मात्र अजूनही लागतं.